साकोलीची माती, धानाची मुळे आणि अडकलेले स्फुरद

जुलै महिन्यात भंडाऱ्याहून पूर्वेकडे महामार्गाने निघालेल्या प्रवाशाला लाखनी मागे पडली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना साकोलीपर्यंत एकच देखावा दिसत राहतो. बांध्यांत पाणी तुंबलेले असते, चिखलणी आटोपलेली असते आणि पोटऱ्याभर चिखलात ओळीने वाकलेल्या बाया धानाची रोवणी करीत असतात. पऱ्ह्याची जुडी उपटली, पाण्यात खळबळली, झटकली, तरी मुळांना मातीचा एक पातळ लेप धरून राहतोच. बांधावर, पावसापासून ताडपत्रीखाली झाकून ठेवलेले, डीएपी खताचे पोते असते. शेतकऱ्याचे पैसे त्या पोत्यात गुंतलेले असतात आणि पिकाचे भवितव्य मुळांना चिकटलेल्या त्या लेपात. या दोहोंचा संबंध काय, या प्रश्नाकडे मात्र आजवर पुरेसे लक्ष गेलेले नाही.

डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात, खतांच्या बाजारात रूढ असलेल्या मोजणीप्रमाणे, ४६ टक्के म्हणजे २३ किलो स्फुरद असते. ही मोजणी स्फुरदाच्या ऑक्साइडची आहे. शुद्ध मूलद्रव्याचा हिशेब केला तर ते अवघे १० किलो भरते. शेतात टाकलेल्या स्फुरदापैकी पहिल्या पिकाच्या वाट्याला साधारणपणे १५ ते २५ टक्केच येते, असे कृषिशास्त्र सांगते. म्हणजे पोत्यातल्या १० किलोंपैकी दीड ते अडीच किलो धानाने उचलले. उरलेले साडेसात-आठ किलो कोठे गेले? युरिया हवेत उडून जातो, पाण्याबरोबर झिरपून जातो. स्फुरदाचे तसे होत नाही. धुपणाऱ्या मातीबरोबर वाहून गेलेला भाग सोडला, तर ते शेतातच असते. त्याच बांधीत, मुळापासून बोटभर अंतरावर, परंतु मुळाला न मिळणाऱ्या स्वरूपात ते पडून राहते. दरवर्षी विकत घ्यावयाचे आणि दरवर्षी पुरून ठेवावयाचे, असा हा विचित्र व्यवहार आहे.

अंधारात चमकणारे, मातीत दडणारे

१६६९ साली हॅम्बुर्ग येथील हेनिग ब्रांट या किमयागाराने मूत्र आटवून त्यातून एक पदार्थ वेगळा काढला. सोन्याच्या शोधात निघालेल्या त्या गृहस्थाच्या हाती अंधारात आपोआप चमकणारे मूलद्रव्य लागले. ‘स्फुरद’ या मराठी नावात ती चमक उतरली आहे. सजीवांच्या पेशींतील ऊर्जेची देवघेव या मूलद्रव्यावाचून होत नाही आणि आनुवंशिकतेचा धागाही त्यावाचून विणला जात नाही. धानाला ते कमी पडले तर मुळे आखूड राहतात, पाने गडद हिरवी पण रोप खुरटलेले दिसते, फुटवे थोडे येतात आणि पीक उशिरा निसवते. नत्राची उणीव पाने पिवळी पडून ओरडून सांगते. स्फुरदाची उणीव मात्र मुकाट्याने उत्पन्न कमी करते.

मातीत स्फुरद नसते असे मुळीच नाही. नांगरटीच्या, म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटर खोलीच्या, एका हेक्टरातील मातीचे वजन अदमासे २२ लाख किलो भरते. त्यात ०.०५ टक्के एवढेच स्फुरद धरले, तरी हेक्टरी ११०० किलोंचा साठा होतो. ४० क्विंटल धानाचे पीक दाण्यावाटे ८ ते १० किलो स्फुरद शेताबाहेर नेते. कागदावरचा हिशेब असा की हा साठा शंभर वर्षे पुरावा. परंतु मातीतील पाण्यात विरघळलेल्या स्वरूपात कोणत्याही क्षणी त्यातला अत्यल्प अंशच असतो, आणि मुळाला पिता येते ते तेवढेच. शिवाय ते जागचे हलत नाही. मूळ आपल्या भोवतालच्या एक-दोन मिलिमीटर मातीतील विद्राव्य स्फुरद शोषून घेते आणि मग त्याच्याभोवती एक रिकामे वलय तयार होते. पलीकडचे स्फुरद ते वलय ओलांडून येईपर्यंत हंगाम संपतो.

हे स्फुरद कशाला जखडलेले असते, ते मातीच्या जातीवर अवलंबून असते. अकोला-अमरावतीकडील काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत ते प्रामुख्याने चुन्याला बांधले जाते. साकोलीची गोष्ट वेगळी आहे. भूगर्भशास्त्रज्ञांना हे गाव ‘साकोली समूह’ या अतिप्राचीन खडकांच्या नावाने परिचित आहे. त्या खडकांची व आसपासच्या ग्रॅनाइट-नाइसची झीज होऊन येथील लालसर-पिवळी माती बनली. कन्हार, मोरंड, खरडी, सिहार, बरडी अशी तिच्या जातींची नावे या भागातल्या शेतकऱ्याच्या तोंडी असतात, आणि कोणत्या जातीत धान चांगले येते हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. यांपैकी लालसर, किंचित आम्लधर्मी जमिनींत स्फुरदाचा खरा धनको चुना नसून लोह आणि अ‍ॅल्युमिनियम आहेत. लोखंडाचा गंज ज्या पदार्थाचा असतो त्याच जातीच्या कणांवर स्फुरद घट्ट बसते. हा फरक शास्त्रीय बारकावा म्हणून सोडून देण्याजोगा नाही. पुढील सारी गुंतागुंत त्यातूनच निर्माण होते.

मुळाभोवतीची वस्ती

१९०४ साली लोरेन्ट्स हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने मुळांना चिकटून असलेल्या आणि मुळांच्या प्रभावाखाली असलेल्या मातीच्या थराला ‘रायझोस्फिअर’ असे नाव दिले. इतर मातीच्या मानाने या थरातील जिवाणूंची वस्ती कितीतरी पट दाट असते. याचे कारण सरळ आहे. पानांनी सूर्यप्रकाशात तयार केलेल्या साखरेचा बराच भाग झाड मुळांवाटे मातीत सोडते. वरवर पाहता ही उधळपट्टी वाटते. वस्तुतः ती मजुरी आहे. साखर, सेंद्रिय आम्ले, अमिनो आम्ले यांवर जगणारे जिवाणू मुळांभोवती गर्दी करतात आणि त्यांपैकी काही त्या अन्नाच्या बदल्यात, जाणूनबुजून नव्हे तर आपल्या जगण्याच्या ओघात, जखडलेले स्फुरद सोडवितात.

ते कसे, याचा उलगडा १९४८ या एकाच वर्षी दोन ठिकाणी झाला. हॉलंडमधील गेरेट्सन यांनी निर्जंतुक वाळूत वाढविलेल्या आणि जिवाणू सोडलेल्या वाळूत वाढविलेल्या रोपांची तुलना केली, तेव्हा जिवाणूंच्या सोबतीने वाढलेल्या रोपांनी अविद्राव्य फॉस्फेटातून अधिक स्फुरद घेतल्याचे दिसले. त्याच वर्षी रशियातील पिकोव्हस्काया यांनी अशा जिवाणूंना ओळखण्यासाठी एक खाद्यमिश्रण प्रसिद्ध केले. त्यात पांढरट, न विरघळणारे कॅल्शियम फॉस्फेट मिसळलेले असते. ज्या जिवाणूच्या वसाहतीभोवती ते विरघळून पारदर्शक वलय उमटते, तो जिवाणू कामाचा. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत हीच कसोटी वापरली जाते. भारतात दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत सुंदरराव आणि सिन्हा यांनी १९६३ साली या जिवाणूंवरील आपले संशोधन प्रसिद्ध केले आणि पुढे त्यातूनच संवर्धके शेतापर्यंत पोहोचविण्याची वाट निघाली.

या जिवाणूंच्या कामाच्या मुख्यतः तीन रीती आहेत. बॅसिलस, स्यूडोमोनास आदी कुळांतील कित्येक जिवाणू साखरेपासून ग्लुकॉनिक आम्लासारखी आम्ले तयार करतात. ती खनिजाला विरघळवितात किंवा त्यातील धातूला पकडून स्फुरद मोकळे करतात. दुसरी रीत विकरांची. शेणखत, पालापाचोळा, मृत मुळे यांत सेंद्रिय स्वरूपात असलेले स्फुरद मुळाला जसेच्या तसे घेता येत नाही; जिवाणूंची विकरे ते कातरून वेगळे करतात. तिसरी रीत सर्वांत कमी सांगितली जाते. जिवाणू हे स्वतःही स्फुरदाचे भुकेले असतात. ते आधी स्वतःचे पोट भरतात. या काळात ते पिकाचे प्रतिस्पर्धीच ठरतात. पुढे मातीतील आदिजीव आणि सूत्रकृमी त्यांना खातात, आणि त्या खाण्यातून सुटलेले स्फुरद मुळाला मिळते. जिवाणूंच्या शरीरात असेपर्यंत ते लोहाला वा चुन्याला जखडले जात नाही, हा त्यातला लाभ. मातीतील स्फुरदाचा हा चालता-बोलता साठा आहे, आणि तो किती मोठा राहील हे मातीत कुजण्यासारखा पदार्थ किती आहे यावर ठरते.

बांधीचे निराळे शास्त्र

हे सारे ज्वारी, कापूस, हरभरा यांच्या शेताला जसे लागू पडते तसेच्या तसे साकोलीच्या बांधीला लागू पडत नाही. वर्षाकाठी १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या टापूत धान तुंबविलेल्या पाण्यात उभे असते. पाणी तुंबले की काही दिवसांत मातीतील प्राणवायू संपतो. तेव्हा श्वसनासाठी प्राणवायूऐवजी दुसरे पदार्थ वापरणारे जिवाणू पुढे सरसावतात. आधी नायट्रेट, मग मँगनीज आणि मग लोह, अशी ही पायरी-पायरीने उतरण होते. अमेरिकेत पोटोमॅक नदीच्या गाळातून १९८७ साली वेगळा केलेला जिओबॅक्टर हा लोहावर ‘श्वास’ घेणारा जिवाणू आता सुप्रसिद्ध आहे; त्याच्या जातीचे जीव पाणथळ मातीत सर्वत्र आढळतात. ते गंजाच्या स्वरूपातील लोहाचे विद्राव्य लोहात रूपांतर करतात. गंजाचा कण विरघळला की त्याला चिकटलेले स्फुरद आपसूक सुटते.

फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतील श्रीलंकेचे शास्त्रज्ञ पोन्नाम्पेरुमा यांनी १९७२ साली पाण्याखालील मातीच्या रसायनशास्त्राची साद्यंत मांडणी केली. ज्या जमिनीत गहू स्फुरदासाठी आसुसतो त्याच जमिनीत धान पुष्कळदा वरखताशिवायही निभावून नेते, या अनुभवामागचे कारण त्या मांडणीतून स्पष्ट होते. चिखलणी करून पाणी तुंबविणारा साकोलीचा शेतकरी केवळ तण मारीत नाही की केवळ पाणी अडवीत नाही. लोहाच्या कोठडीतून स्फुरद सोडविणाऱ्या जिवाणूंना तो कामाला लावीत असतो.

धानाचे मूळही येथे स्वस्थ बसत नाही. त्याच्या पोकळ नलिकांतून हवा खाली उतरते आणि मुळाच्या कातडीबाहेर झिरपते. तेथे विद्राव्य लोह पुन्हा गंजते. धानाचे निरोगी रोप उपटले असता मुळांवर दिसणारा तांबूस लेप तो हाच. या लेपावर काही स्फुरद पुन्हा अडकते हे खरे, परंतु लोह गंजताना आम्ल तयार होते आणि त्या आम्लाने मुळाजवळचे आणखी स्फुरद सुटते. उलट मुळे काळी पडून दुर्गंधी येऊ लागली, तर पाणी काढून बांधी थोडी सुकू द्यावी, असे अनुभवी शेतकरी सांगतात. त्यामागचे शास्त्र त्याला ठाऊक असो वा नसो, मुळाभोवती हवा आणि कोंडमारा यांचा जो तोल साधावा लागतो तो त्याच्या हातून साधला जातो.

या शास्त्राचे दोन परिणाम व्यवहारात महत्त्वाचे आहेत. पहिला असा की धान कापल्यावर बांधी सुकते, लोह पुन्हा गंजते आणि स्फुरद पुन्हा, कदाचित अधिकच घट्ट, जखडले जाते. त्यानंतर येणाऱ्या लाखोळी, हरभरा, जवस यांना त्याची उणीव धानापेक्षा तीव्रतेने भासते. म्हणजे उपलब्ध खत थोडे असेल तर त्यातला वाटा रब्बीच्या पिकाकडे वळविणे अनेकदा शहाणपणाचे ठरते. प्रत्यक्षात मात्र बहुतेक सारे डीएपी रोवणीच्या वेळीच पडते. दुसरा परिणाम पाणी आणि मजुरी वाचविण्यासाठी होणाऱ्या बदलांशी निगडित आहे. आवत्या पद्धतीने वा यंत्राने थेट पेरलेल्या, कमी पाण्यावरच्या धानाला पाण्याखालच्या जिवाणूंची ही फुकटची मदत तितकीशी मिळत नाही. पद्धत बदलली की स्फुरदाचा हिशेबही बदलावा लागतो.

आणि धुऱ्यावरची तूर? भंडाऱ्याच्या बांध्यांच्या धुऱ्यांवर तूर लावण्याची चाल जुनी आहे. हैदराबादजवळील पाटणचेरू येथे, इक्रिसॅट संस्थेत, काम करणाऱ्या जपानी शास्त्रज्ञांच्या गटाने १९९० साली असे दाखवून दिले की तुरीची मुळे पिसिडिक आम्ल नावाचे एक विशेष द्रव्य पाझरतात, आणि ते लोहाला पकडून त्याने जखडलेले स्फुरद मोकळे करते. म्हणजे लाल मातीतील ज्या कुलपापुढे इतर पिके हतबल होतात त्याची किल्ली तुरीजवळ आहे. तिचा पाला गळून मातीत मिसळतो तेव्हा त्यातले स्फुरद शेजारच्या पिकांनाही उपयोगी पडते. धुऱ्यावरच्या तुरीला केवळ घरच्या डाळीची सोय मानणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

पाकिटातील जिवाणू

स्फुरद विरघळविणाऱ्या जिवाणूंची संवर्धके आज कृषी केंद्रांत सर्वत्र मिळतात. २५० ग्रॅमचे पाकीट १० किलो बियाण्यास चोळावे, किंवा रोवणीपूर्वी पऱ्ह्याची मुळे द्रावणात बुडवावीत, असा सल्ला दिला जातो. केंद्र सरकारने १९८३ साली जैविक खतांचा राष्ट्रीय प्रकल्प सुरू केला, त्याचे एक विभागीय केंद्र नागपुरात उभे राहिले. आणि २००६ साली ही खते खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आणण्यात आली. त्या मानकाप्रमाणे भुकटीच्या दर ग्रॅममध्ये किमान ५ कोटी आणि द्रवरूप संवर्धकाच्या दर मिलिलिटरमध्ये किमान १० कोटी जिवंत जिवाणू असले पाहिजेत.

या संवर्धकांविषयी दोन टोकाची मते ऐकू येतात. एका पक्षाच्या मते ती रासायनिक खतांना पर्याय आहेत. दुसऱ्या पक्षाच्या मते ती केवळ काळी भुकटी आहे. दोन्ही मते तपासून पाहण्यासारखी आहेत.

साधा हिशेब करावा. एकरी २ किलो भुकटी शेणखतात मिसळून शेतभर फेकली, तर १०,००० कोटी जिवाणू शेतात गेले. आकडा डोळे दिपविणारा आहे. परंतु एका एकरातील नांगरटीच्या थरात सुमारे ९ लाख किलो, म्हणजे ९० कोटी ग्रॅम माती असते. दर ग्रॅममागे नव्या पाहुण्यांची संख्या शंभर-सव्वाशेच भरते, आणि त्याच ग्रॅमभर मातीत मूळचे रहिवासी काही कोटींच्या घरात असतात. अशा गर्दीत नवख्यांचा निभाव लागणे कठीण. म्हणून संवर्धक फेकण्यापेक्षा बियाण्याला वा मुळाला लावण्यात अर्थ आहे. निदान तेथे तरी त्यांना जागा आधी पटकाविता येते आणि मुळाचे अन्न आधी मिळते.

दुसरी शंका अधिक मूलगामी आहे. पिकोव्हस्काया यांच्या कसोटीत वापरले जाते ते कॅल्शियम फॉस्फेट. ते तुलनेने सहज विरघळते, आणि बशीत साखरेची चंगळ असते. बशीत सुंदर वलय उमटविणारा जिवाणू शेतात अर्धपोटी असताना, लोहाने जखडलेले स्फुरद सोडवील याची शाश्वती काय? बाशान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली नेमका हाच आक्षेप घेतला: सर्व जमिनींसाठी निवडीची एकच कसोटी म्हणून कॅल्शियम फॉस्फेट वापरणे अयोग्य आहे, आम्लधर्मी जमिनींसाठी लोह व अ‍ॅल्युमिनियम यांच्या फॉस्फेटांवर परीक्षा घेतली पाहिजे. साकोलीच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ उघड आहे. चुनखडीच्या मातीसाठी पारखलेला जिवाणू लाल मातीत, तोही पाण्याखाली, उतरविला तर तो निष्प्रभ ठरल्यास नवल नाही. शेतावरच्या प्रयोगांचे निष्कर्ष कोठे उत्साहवर्धक तर कोठे निराशाजनक येतात, त्याच्या मुळाशी असलेल्या कारणांत हे एक प्रमुख होय.

तिसरी अडचण दुकानातली आहे. युरियाचे पोते वर्षभर पडून राहिले तरी युरियाच राहते. जिवाणूंचे पाकीट ही जिवंत वस्तू आहे. मे महिन्यात विदर्भाचा पारा ४५ अंशांकडे झेपावत असता पत्र्याच्या छपराखाली ठेवलेल्या पाकिटात काय उरत असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. आणि मेलेली भुकटी जिवंत भुकटीसारखीच दिसते. ती ओळखण्याचे कोणतेही साधन ग्राहकाजवळ नाही. आवेष्टनावरील तारीख पाहणे आणि सावलीत ठेवलेला माल मागणे एवढेच त्याच्या हाती आहे. वाण चुकले तर उगवण सांगते, खत चुकले तर पानाचा रंग सांगतो. संवर्धक निकामी निघाले तर काहीच कळत नाही, फक्त लाभ होत नाही. अशा मालाच्या तपासणीची जबाबदारी ग्राहकावर नव्हे, तर शासनावर अधिक पडते.

न संपणारी वजाबाकी

जिवाणूंच्या कैवाऱ्यांनी एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. डाळवर्गीय पिकांच्या गाठींतील रायझोबियम हवेतील नत्र मातीत आणतो; ती नवी भर असते. स्फुरदाला हवेचा असा खजिना नाही. स्फुरद विरघळविणारा जिवाणू नवे स्फुरद निर्माण करीत नाही. तो साठ्यातले काढून देतो, एवढेच. दरसाल ८-१० किलो स्फुरद पोत्यांत भरून बाजारात जात असेल आणि त्या जागी काहीही परत येत नसेल, तर जिवाणू कितीही कर्तबगार असले तरी ती वजाबाकीच आहे. बाहेरून काहीच आणावे लागणार नाही, असे शेतकऱ्याला सांगणे म्हणजे त्याची फसवणूक करणे होय.

तथापि बाहेरून आणावयाचे तरी कोठून, हाही प्रश्न तितकाच बिकट आहे. १८४२ साली इंग्लंडच्या जॉन बेनेट लॉझ यांनी सुपरफॉस्फेटचे एकस्व घेतले, तेव्हापासून शेतीची स्फुरदाची गरज अधिकाधिक खाणींवर अवलंबून राहू लागली. जगातील ज्ञात फॉस्फेट साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के मोरोक्को व पश्चिम सहारा यांच्या भूमीत आहेत. भारतात उदयपूरजवळील झामरकोट्रा आणि मध्य प्रदेशातील काही खाणी सोडल्या तर मोठा आधार नाही. कच्चा खडक, फॉस्फोरिक आम्ल किंवा तयार डीएपी या ना त्या रूपाने देश परदेशावर अवलंबून आहे. २०२१ साली जागतिक बाजारात भाव भडकले तेव्हा केंद्र सरकारला डीएपीच्या एका पोत्यामागील अनुदान ५०० रुपयांवरून १२०० रुपयांवर न्यावे लागले, तेव्हा कोठे शेतकऱ्याला ते पोते १२०० रुपयांना मिळू शकले. दूरच्या बंदरातील घडामोडींचा धक्का साकोलीच्या धुऱ्यावर बसतो तो असा. आणि एवढ्या खर्चाने आणलेल्या त्या स्फुरदाचा मोठा भाग पुन्हा लोहाच्या कोठडीत जातो.

तेव्हा जमिनीत साठलेले बाहेर काढणे आणि शेताबाहेर गेलेले शक्य तेवढे परत आणणे, अशा दोन्ही अंगांनी विचार करावा लागेल. या बाबतीत भंडारा जिल्ह्याजवळ एक जुना वारसा आहे. मालगुजारी तलावांचा हा मुलूख. कोहळी समाजाने बांधलेले तलाव धानाला पाणी देत आणि उन्हाळ्यात त्यांच्या तळचा गाळ शेतात जाई. शेतातून धुपून गेलेली बारीक माती आणि तिच्याबरोबरचे स्फुरद तलावात साचते. गाळ परत नेणे म्हणजे वाहून गेलेली ठेव परत आणणेच. १९५१ साली मालगुजारी संपली, तलाव शासनाकडे गेले आणि गाळ काढण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न दीर्घकाळ लोंबकळत राहिला. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या २०१७ सालच्या योजनेने त्याकडे पुन्हा लक्ष वेधले. असा गाळ नेण्यापूर्वी त्याची तपासणी करून घेणे मात्र हिताचे.

दुसरा वारसा शेणाचा. गोवरी जाळली तरी तिच्यातले स्फुरद राखेत उरते, परंतु नत्र आणि कर्ब उडून जातात. कर्ब हेच तर जिवाणूंचे अन्न. शेणखत, धैंच्यासारखी हिरवळीची खते, धुऱ्यावरच्या गिरिपुष्पाचा पाला, न जाळलेले तणस यांनी बांधीतील जिवाणूंचे पोट भरते; मग पाण्याखालील लोह विरघळविणारेही जोमाने काम करतात. पाकिटातील मूठभर परक्या जिवाणूंवर भरवसा ठेवण्यापेक्षा मातीत आधीच असलेल्या कोट्यवधींना खाऊ घालणे केव्हाही अधिक भरवशाचे. दोन्ही करता आले तर उत्तमच.

मोजमापाचा प्रश्न

२०१५ साली सुरू झालेल्या मृद् आरोग्य पत्रिकेत बारा बाबींची नोंद असते. ‘उपलब्ध स्फुरद’ ही त्यांतील एक. परंतु ही तपासणी सुकवून चाळलेल्या मातीवर होते. तीच माती महिनाभर पाण्याखाली राहिल्यावर किती स्फुरद सोडील, हे त्या आकड्यावरून कळत नाही. आणि मातीतील जिवंत वस्तीविषयी, सेंद्रिय कर्बाचा आकडा सोडला, तर पत्रिकेत एक अक्षरही नाही. पत्रिकेला आरोग्याचे नाव आहे, परंतु नाडी तपासण्याची सोय नाही.

ही उणीव भरून काढण्याची सोय साकोलीतच होऊ शकते. १९६९ साली स्थापन झालेल्या अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे कृषी संशोधन केंद्र येथे आहे. ‘साकोली’ या नावाची धानाची वाणे याच केंद्राने शेतकऱ्यांच्या हाती दिली. ज्या मातीने वाण दिले त्या मातीने जिवाणू का देऊ नयेत? सिहार आणि मोरंड बांध्यांतील धानाच्या मुळांभोवतीचे जिवाणू वेगळे करणे, लोहाच्या फॉस्फेटावर व पाण्याखाली त्यांची परीक्षा घेणे, आणि निवडलेल्यांचे ताजे संवर्धक रोवणीच्या आठवड्यात तालुक्यातच पुरविणे, हे काम अवाढव्य खर्चाचे नाही. त्याचबरोबर धानाला पूर्ण मात्रा देणे आणि तीतील काही भाग रब्बीसाठी राखून ठेवणे, यांची तुलना शेतकऱ्यांच्या बांध्यांतच केली पाहिजे. शेतकऱ्यालाही स्वतःपुरता प्रयोग करता येईल: एकाच बांधीचे दोन भाग करावेत, एकात संवर्धक लावावे, दुसऱ्यात लावू नये आणि दोन्हींचे धान वेगवेगळे चुरून मोजावे. एका वर्षाने निवाडा होत नाही. तीन वर्षांनी होतो.

रोवणी संपते तेव्हा पऱ्ह्यांच्या मुळांना चिकटून आलेला तो मातीचा लेप नव्या चिखलात मिसळून जातो. त्यात कोण राहते, ते काय खाते आणि त्याच्याकडून किती काम होते, हे जाणून घेण्याची सोय या तालुक्यात व्हावी, एवढीच मागणी आहे. पोत्यासाठी सरकारी तिजोरीतून जो खर्च दरवर्षी होतो त्याचा लहानसा हिस्साही या कामी लागला, तर बांधीत अडकून पडलेल्या ठेवीचे काही व्याज तरी ती राबून जपणाऱ्याच्या हाती पडेल.